कॅटलॉग लॅटव्हियनमध्ये नेताना: 'क्राफ्ट्समनशिप' आणि 'क्वालिटी' यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक छोटा उद्योग चामड्याच्या बॅगा, पितळी दिवे आणि हातमागावरच्या चादरी बनवतो. लॅटव्हियाची राजधानी रिगा, तिथल्या एका दुकानदाराने माल मागवला आहे. इंग्रजी कॅटलॉग तयार आहे, आता तो लॅटव्हियन भाषेत हवा. क्राफ्ट्समनशिप, हँडक्राफ्टेड, फाइन, प्रीमियम, क्वालिटी, पॅशन हे शब्द त्यात पानोपानी आहेत. 'प्रत्येकाला एकेक लॅटव्हियन शब्द द्या, म्हणजे आम्ही सगळीकडे तोच वापरू,' अशी विचारणा आहे.

असा तक्ता मी देणार नाही. मी रिगामध्ये राहून बरीच वर्षं हेच काम करते आहे, आणि माझं प्रत्येक पान शेवटी एका लॅटव्हियन संपादिकेच्या नजरेखालून जातं. तिथे सर्वात जास्त लाल शाई याच शब्दांवर सांडते. इंग्रजी जाहिरातीची भाषा भाववाचक नामांवर चालते, लॅटव्हियन माणूस मात्र मालाची स्तुती क्रियापदाने करतो. वस्तू कोणी केली, कशाची केली, कशी केली एवढं त्याला कळलं की दर्जा तो स्वतः ठरवतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुम्हाला शब्द बदलून भागणार नाही, वाक्य बदलावं लागेल.

(लॅटव्हियन शब्द इथे जवळच्या उच्चाराने देवनागरीत दिले आहेत. जोर जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर. पुल्लिंगी नामाच्या शेवटी बहुधा 'स' किंवा 'इस' दिसेल, तो प्रथमेचा प्रत्यय.)

आधी क्राफ्ट्समनशिप. इंग्रजीत हा शब्द चार ओझी उचलतो: कारागिरीचा व्यवसाय, माणसाच्या हातातलं कसब, वस्तूत दिसणारं काम, आणि नुसतीच वाहवा. लॅटव्हियनमध्ये पहिल्या तिन्हींना वेगळे शब्द आहेत. चौथ्यासाठी काहीच न लिहिणं उत्तम.

व्यवसायासाठी 'अमत्निएत्सीबा'. शब्दकोशात क्राफ्ट्समनशिप शोधलं की बऱ्याचदा हाच समोर येतो आणि भाषांतर करणारा तो उचलतो. पण हा शब्द कुंभार, सुतार, लोहार, चांभार यांच्या अख्ख्या क्षेत्राचं नाव आहे. १९९३ साली लॅटव्हियाने केलेल्या कारागिरीविषयक कायद्याच्या नावात तो आहे, तिथल्या कारागिरांच्या चेंबरच्या नावात आहे. 'आमच्या बॅगांमध्ये अप्रतिम अमत्निएत्सीबा दिसते' असं लिहिलं तर ते 'आमच्या बॅगांमध्ये अप्रतिम लघुउद्योग दिसतो' असं वाचलं जाईल. त्याचा मूळ शब्द 'अमत्स' तर आणखी निसरडा. अमत्स म्हणजे हातातला धंदा, आणि अमत्स म्हणजे सरकारी पदसुद्धा. सरकारी अधिकाऱ्याला 'अमत्पेर्सुओना' म्हणतात.

या दुहेरीपणाच्या मागे रिगाचा इतिहास आहे. शहराची स्थापना १२०१ची, आणि पुढची कित्येक शतकं तिथला व्यापार नि कारागिरी जर्मन भाषकांच्या हातात होती. व्यापाऱ्यांचा मोठा गिल्ड, कारागिरांचा छोटा गिल्ड. दोन्हींच्या इमारती आजही जुन्या शहरात समोरासमोर उभ्या आहेत. बहुतेक प्रतिष्ठित धंद्यांच्या संघटनांत लॅटव्हियन माणसाला प्रवेश नव्हता. साहजिकच धंद्यातल्या पायऱ्यांची नावं जर्मन वळणाची राहिली: 'मेइस्तर्स' म्हणजे उस्ताद, 'झेल्लिस' म्हणजे शिकून तयार झालेला पण अजून उस्ताद न झालेला. हत्यारंही तशीच. करवत 'झाग्यिस', रंधा 'एवेले'. आपल्या सुताराचा रंधा फारसीतून आला, त्यांचा जर्मनमधून. झेल्लिसच्या खालच्या शिकाऊ पोराला मात्र 'मात्सेक्लिस' म्हणतात, तो शब्द घरचाच, शिकणे या धातूपासून झालेला. झेल्लिस आणि मेइस्तर्स या पदव्या आजही परीक्षा घेऊन दिल्या जातात. म्हणून तुमच्या कारखान्यातल्या प्रत्येक कारागिराला सरसकट मेइस्तर्स म्हणायचं का, हे जरा विचार करून ठरवा. रोजच्या बोलण्यात चालतं, पण नावापुढे पदवीसारखं छापू नका.

माणसाच्या कसबासाठी 'मेइस्तरीबा'. चांगला शब्द आहे, फक्त तो माणसाला चिकटतो, वस्तूला नाही. व्हायोलिन वाजवणाऱ्याची मेइस्तरीबा असते, बुद्धिबळपटूची असते, विणकरणीची असते. बॅगेची नसते. 'या शिवणीत उस्तादाची मेइस्तरीबा दिसते' हे ठीक. 'उच्च दर्जाची मेइस्तरीबा' हे यंत्रभाषांतराचं लाडकं अपत्य आहे आणि लॅटव्हियन कानाला ते फार विचित्र लागतं. दर्जा मालाला असतो, उस्तादीला कसला दर्जा? शिकून मिळवलेल्या साध्या कौशल्याला 'प्रस्मे' हा शब्द आहे, तो जमिनीवरचा आहे. मला तो आवडतो.

वस्तूत दिसणाऱ्या कामासाठी सर्वात साधा शब्द 'दर्ब्स', म्हणजे काम. जाणता सुतार जोडावरून अंगठा फिरवून 'लब्स दर्ब्स' म्हणतो, चांगलं काम. नीटस असेल तर 'ग्लीत्स दर्ब्स'. आपल्याकडे 'काम चोख आहे' म्हणतात तेच. इंग्रजी कॅटलॉगवाल्याला हे फार साधं वाटेल, पण रिगाच्या गिऱ्हाइकाचा विश्वास याच सुरावर बसतो.

दोन सापळे इथेच सांगते. पहिला 'अमत्निएत्सिस्क्स' हे विशेषण. दिसायला 'कारागिरीचा' असं दिसतं, पण चित्राबद्दल किंवा संगीताबद्दल वापरलं की अर्थ होतो यांत्रिक, प्रतिभेविना उरकलेलं. दुसरा तुमच्या मालासाठी जास्त धोक्याचा. कला म्हणजे 'माक्स्ला'. त्यावरून कलात्मक म्हणायला जाऊन कोणी 'माक्स्लीग्स' लिहिलं तर संपलं, कारण त्याचा अर्थ कृत्रिम. 'माक्स्लीगा आदा' म्हणजे नकली चामडं, आपलं रेक्झिन. कलात्मकसाठी 'माक्स्लिनिएत्सिस्क्स' असा लांबलचक वेगळा शब्द आहे. अस्सल चामड्याच्या बॅगेवर माक्स्लीग्स छापून गेलं तर दुकानदार माल परत पाठवेल आणि त्याचं बरोबरच असेल.

आता हँडक्राफ्टेड. इथे लॅटव्हियन भाषा खरी श्रीमंत आहे, आणि मराठी माणसाला ही श्रीमंती लगेच ओळखू येईल. आपण दागिना घडीव म्हणतो, मूर्ती ओतीव, दरवाजा कोरीव. लॅटव्हियनमध्येही हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूला तिच्या क्रियेचं विशेषण असतं. विणलेलं कापड 'अउस्त्स', सुयांवर विणलेला हातमोजा 'अदीत्स', वेताची टोपली 'पीत्स', लोखंडी कडी 'कल्त्स', लाकडी चमचा 'ग्रेप्त्स', चाकावरचं मडकं 'विर्पुओत्स'. नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे यांची रूपं बदलतात, तेही आपल्यासारखंच. तेव्हा तुमच्या चादरी 'अर रुओकाम अउस्तस', हातांनी विणलेल्या. बॅगा 'शूतस', शिवलेल्या. दिव्यांपाशी मात्र थांबा. इंग्रजीत सगळ्यांना हँडक्राफ्टेड म्हणून मोकळं होता येतं, लॅटव्हियनमध्ये तुम्हाला ठरवावं लागेल. दिवा ओतलेला असेल तर 'लिएत्स', ठोकून घडवलेला असेल तर 'कल्त्स'. ओतीव दिव्याला कल्त्स म्हटलं तर धातूकाम जाणणारा माणूस हसेल, आणि लॅटव्हियामध्ये असे जाणकार बरेच भेटतात.

धंद्यांची नावंसुद्धा याच मातीतली आहेत. घर बांधणारा सुतार 'नम्दरिस', म्हणजे घर करणारा. बिअर गाळणारा 'अल्दरिस', बिअर करणारा. याच नावाची रिगामधली ब्रुअरी १८६५पासूनची. दागिने घडवणारा 'रुओत्कलिस', दागिना ठोकणारा. फर्निचरवाला 'गल्द्निएक्स', हा शब्द टेबलावरून आला. जर्मन पदव्यांच्या खाली ही नावं टिकून राहिली, आणि त्यांच्यात क्रिया उघड दिसते म्हणून ती वाचकाला जवळची वाटतात.

सर्वसाधारण 'बनवलेलं' म्हणायचंच असेल तर तीन क्रियापदं समोर येतात. 'रझुओत' म्हणजे उत्पादन करणे, कारखान्याचं. 'इझ्गतवुओत' म्हणजे तयार करणे, तटस्थ, कागदपत्रांत शोभणारं. 'दरिनात' म्हणजे हाताने, जीव लावून घडवणे. तुमच्या कॅटलॉगला दरिनात हवं, पण मोजून. प्रत्येक ओळीत घातलं की ते जत्रेतल्या पाटीसारखं दिसतं.

'रुओकु दर्ब्स' आणि 'रुओक्दर्बी' यांत गल्लत करू नका. पहिला दोन शब्दांचा: हाताचं काम, म्हणजे हॅण्डमेड. दुसरा जोडशब्द, बहुधा अनेकवचनात: विणकाम, भरतकाम, क्रोशे, म्हणजे सुई-दोऱ्याचे उद्योग. चामड्याच्या बॅगेखाली रुओक्दर्बी छापलं तर वाचकाच्या डोळ्यासमोर आजीची लोकरीची टोपली येते.

नक्षीसाठी इंग्रजीवरून आलेला डिझाइनचा शब्द वापरायचा मोह होईल. त्याऐवजी 'रक्स्त्स' वापरा. रक्स्त्स म्हणजे नक्षी आणि रक्स्त्स म्हणजे लिखाण, लेखसुद्धा. लॅटव्हियन हातमोज्यावरची नक्षी ही त्यांच्या भाषेत लिहिलेली असते. आपल्याकडे वारली घरांत लग्नाचा चौक 'लिहितात', त्याची आठवण व्हावी असं हे आहे. हातमोज्यांचा तिथे मान किती, हे एकाच गोष्टीवरून कळेल. २००६ साली रिगामध्ये नाटोची शिखर परिषद झाली तेव्हा पाहुण्यांना भेट म्हणून देशभरातल्या बायकांनी सुमारे ४,५०० जोड हातमोजे विणले होते. तुमच्या चादरींवर पारंपरिक नक्षी असेल तर तिला रक्स्त्स म्हणा, आणि ती कुठल्या भागातली, तिला तुमच्याकडे काय म्हणतात हे एका ओळीत द्या. ही ओळ तिथे वाचली जाते. प्रदेशागणिक वेगळी नक्षी ही कल्पना त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आता क्वालिटी. शब्द 'क्वलिताते', तो सरळ युरोपीय आहे आणि कुणालाही कळतो. अडचण त्याच्या विशेषणाची. 'क्वलिततीव्स' म्हणजे दर्जेदार, आणि क्वलिततीव्स म्हणजे गुणात्मकसुद्धा, संख्यात्मकच्या उलट. 'क्वलिततीव्स संशोधन' म्हटल्यावर ते चांगलं संशोधन की मुलाखतींवर आधारलेलं संशोधन, हे संदर्भावरून ठरवायचं. जुन्या वळणाचे भाषा-सल्लागार दर्जेदार या अर्थी तो वापरू नका असं सांगत. आज सगळेच वापरतात. माझी हरकत व्याकरणाची नाही, झिजण्याची आहे. खिडक्या, शिक्षण, झोप, मोकळा वेळ, सगळंच क्वलिततीव्स झालं आहे. तुमची बॅग त्या रांगेत उभी करून काय मिळणार?

इथे थोडं मागे जाते, कारण रिगाला दर्जा म्हणजे काय हे बंदराने शिकवलं. रिगाहून जाणारा माल म्हणजे अंबाडीसारखे धागे (जवस आणि हेम्प), राख, लाकूड आणि जहाजांच्या डोलकाठ्या. रिगाच्या डोलकाठ्यांना पश्चिम युरोपातल्या आरमारांत मोठी मागणी होती. हा माल शहरात आला की शपथ घेतलेले पारखी त्याची प्रतवारी करत. त्यांना 'ब्राक्येरिस' म्हणत. कोणती काठी पहिल्या प्रतीची, कोणती बाद, हे त्यांच्या शब्दावर ठरे आणि त्यावरच किंमत ठरे. विशेष म्हणजे लॅटव्हियन लोकांना जी मोजकी संघटित कामं खुली होती त्यांत हमाली, नावाडीपणा, मीठ वाहणे यांच्या जोडीला डोलकाठ्यांची पारखही होती. अठराव्या शतकातले यानिस श्टेइनहउएर्स हे अशाच पारखी घराण्यातले. व्यापारात ते श्रीमंत झाले आणि रिगामध्ये लॅटव्हियन माणसाला नागरिकाचे हक्क मिळावेत म्हणून झगडले.

त्या प्रतवारीची भाषा अजून जिवंत आहे. बाद मालाला, सदोष कामाला आजही 'ब्राक्यिस' म्हणतात, कारखान्यात आणि घरातही. प्रत म्हणजे 'श्क्यिरा', आणि पहिल्या प्रतीचं ते 'पिर्म्श्क्यिरीग्स'. हा माझा आवडता शब्द. जाहिरातवाल्यांनी अजून तो पुरता नासवलेला नाही, त्यात पारख्याची नजर आहे, आणि मराठीतल्या 'अव्वल'सारखा तो तोंडात बसतो. दुय्यमासाठी 'ओत्र्श्क्यिरीग्स' आहेच. आणखी एक आहे 'लबुम्स', मूळ अर्थ चांगुलपणा, फायदा, आणि प्रतही. 'अउग्स्ताका लबुमा' म्हणजे सर्वोच्च प्रतीचा. हा शब्दप्रयोग वाण्याच्या दुकानातल्या मैद्याच्या पिशवीवर वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे बॅगेवर घातला की पिठाचा वास येतो. तुमच्या प्रीमियमसाठी तो घेऊ नका. प्रीमियम हा शब्द सरळ गाळला तरी चालेल. किंमत पाहून गिऱ्हाइकाला तो आपोआप कळतो.

वयस्क वाचकांच्या कानात क्वलितातेला आणखी एक खडा लागतो. १९६७पासून सोव्हिएत मालावर राज्याचं दर्जाचिन्ह छापलं जाई, पाचकोनी आकाराचं. लॅटव्हियनमध्ये त्याचं नाव 'क्वलितातेस झीमे'. चिन्ह असलेली वस्तू कधी खरंच चांगली असे, कधी नसे, आणि त्यावरचे विनोद अजून चालतात. म्हणून 'आमच्या मालावर दर्जाची मोहोर' असली वाक्यरचना मी कटाक्षाने टाळते. त्याच काळाची दुसरी देणगी 'हल्तूरा': उरकलेलं, डोळ्यात धूळ फेकणारं काम. रशियनमधून आलेला शब्द. तुम्हाला तो छापायचा नाही, पण ओळखीचा असू द्या. दुकानदाराने मेलमध्ये हा शब्द लिहिला तर ताबडतोब फोन करा.

बाकीचे शब्द झटपट.

फाइन: शब्दकोश 'स्मल्क्स' देतो. स्मल्क्स म्हणजे बारीक, नाजूक, आणि थोडं शिष्टही. 'स्मल्का' बारीककाम ठीक, 'स्मल्का' चामडं म्हणजे पातळ, फाटेल असं. एक्स्क्विझिट, रिफाइन्ड यांसाठी 'इस्स्मल्त्सिनात्स' आहे, जो प्रत्येक स्पा आणि रेस्टॉरंटने वापरून वापरून चोथा केला आहे.

अटेन्शन टु डिटेल: शब्दशः नेऊ नका, ओबडधोबड होतं. 'लीद्झ पेदेयम सीकुमम', शेवटच्या बारीकसारीक गोष्टीपर्यंत, हा घरचा वाक्प्रचार आहे. त्याच्या आधी 'रूपीगी', म्हणजे काळजीपूर्वक, लावलं की झालं.

पॅशन: 'कइस्लीबा' हा शब्द पत्ते, शिकार आणि प्रेमप्रकरणं यांच्यासाठी राहू द्या. कामाबद्दल 'अइझ्रउतीबा', म्हणजे मनापासूनची ओढ. किंवा 'सिर्ट्स्दर्ब्स', हृदयाचं काम, पैशापलीकडे जाऊन आवडीने केलेलं. त्याचाच चुलतभाऊ 'सिर्ट्स्दर्बीबा' म्हणजे मात्र हृदयाचे ठोके वगैरे, डॉक्टरांच्या कागदावरचा. टायपिंगच्या घाईत दोन्हींची अदलाबदल सहज होते.

ऑथेंटिक, जेन्युइन: 'ईस्त्स', म्हणजे खरा. याहून चांगला शब्द नाही. 'ईस्ता आदा', अस्सल चामडं.

ड्युरेबल, बिल्ट टु लास्ट: 'इझ्तुरीग्स' आहेच, पण त्याहून 'कल्पुओस इल्गी' म्हणा, फार दिवस सेवा देईल. लॅटव्हियन वस्तू 'सेवा देतात', आपल्या वस्तू 'टिकतात' किंवा 'निघतात'.

लाडिक रूपांबद्दल एक इशारा. लॅटव्हियनला लघुत्वदर्शक प्रत्ययांची फार हौस. लोकगीतं तर त्यांनी ओथंबलेली आहेत. ती गीतं क्रिश्यानिस बरुओन्स यांनी जमवून १८९४ ते १९१५ या काळात छापली, आणि गीतांच्या चिठ्ठ्या ठेवलेलं त्यांचं कपाट २००१मध्ये युनेस्कोच्या 'जगाच्या स्मृती' यादीत गेलं. जत्रेत विकणारी बाई हातमोज्यांना 'हातमोजुले' म्हणते ते गोड वाटतं. तुमच्या कॅटलॉगमध्ये 'बॅगुली' आली तर किंमत निम्मी वाटेल.

व्याकरणाच्या बाजूने मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा बरंच सोपं आहे. इंग्रजी नामाला नाम चिकटवतं, क्वालिटी फर्निचर, लेदर बॅग. लॅटव्हियन षष्ठी लावून ते नाम पुढे ठेवतं, अगदी आपल्या चा-ची-चेप्रमाणे. 'अउग्स्तस क्वलितातेस सुओमा', उच्च दर्जाची बॅग. शब्दक्रमही तोच. इंग्रजीतून थेट जाणारे भाषांतरकार इथे नामं तशीच एकमेकांशेजारी उभी करतात आणि वाक्य मोडतं.

यातली सर्वात मोलाची गोष्ट कर्मणी प्रयोगाची. इंग्रजीतलं 'मेड बाय मास्टर आर्टिझन्स' लॅटव्हियनमध्ये 'बाय' लावून नेता येत नाही, कारण त्यांच्या कर्मणीत कर्ता शब्दयोगी अव्यय लावून येत नाही. तो षष्ठीत, कृदंताच्या आधी येतो. 'मातेस अदीती त्सिम्दी', आईचे विणलेले हातमोजे. मराठीत याला थेट जोड आहे: 'आईच्या हातचे'. आईच्या हातची पोळी म्हणताना पोळीची स्तुती एकाही विशेषणाशिवाय होते, आणि लॅटव्हियन कानालाही नेमकं तसंच होतं. 'मेइस्तरा दरिनाता सुओमा', उस्तादाच्या हातची बॅग. तुमच्या कॅटलॉगमधल्या क्राफ्ट्समनशिपच्या निम्म्या जागा या एका रचनेने भरतील. कारागीर बाई असेल तर 'मेइस्तरेस'. तिथे स्त्री-पुरुष वेगळे सांगावेच लागतात, सगळ्यांना एकाच पुल्लिंगात कोंबू नका, विशेषतः तुमच्या विणकर बहुसंख्य बायका असतील तर.

आता जिथे कल्पकता बंद ठेवायची ती जागा: वॉरंटीचा कागद, लेबल, प्रमाणपत्रं. वॉरंटीतलं 'मटेरियल्स अँड वर्कमनशिप' इथे मेइस्तरीबाही नाही, दर्ब्सही नाही. रुळलेला शब्दप्रयोग आहे 'मतेरियालु उन इझ्गतवुओशनस देफेक्ती', साहित्यातले आणि बनावटीतले दोष. आयएसओ ९००१ प्रमाणपत्र असेल तर मानकाच्या लॅटव्हियन शीर्षकात 'क्वलितातेस पार्वल्दीबा' आहे, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन. व्यवहारात त्यासाठी दुसरा एक शब्दही ऐकू येतो, पण कागदावर मानकाचाच घ्या. सरकारी परिभाषा पोर्टल आणि 'तेझउर्स' हा मोठा ऑनलाइन शब्दकोश दोन्ही फुकट आहेत, शंका आली की तिथे बघा. युरोपीय संघाने २०२३मध्ये कारागिरीच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनासाठी नवा नियम केला. १ डिसेंबर २०२५पासून तो लागू आहे. त्याच्या लॅटव्हियन मजकुरात क्राफ्टला अमत्निएत्सीबाच म्हटलं आहे, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण तिथे बोलणं क्षेत्राबद्दल चाललं आहे.

लेबलचं भाषांतर ऐच्छिक नाही, हेही लक्षात घ्या. १ सप्टेंबर २००० पासून लागू असलेल्या राज्यभाषा कायद्यानुसार परकीय भाषेतल्या लेबलवरच्या, वापराच्या सूचनांतल्या आणि वॉरंटीच्या मजकुराचं लॅटव्हियन भाषांतर मालासोबत असावं लागतं. आणि 'हाताने बनवलेलं' हा दावा केलात तर तो खरा असला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दलचे युरोपीय नियम तिथेही चालतात. बॅगेचे तुकडे यंत्रावर कापून फक्त पट्टा हाताने शिवत असाल तर तसंच लिहा. ते वाचायलाही जास्त खरं वाटतं.

नमुना म्हणून तुमच्याच कॅटलॉगमधलं पहिलं वाक्य घेते. त्याचा आशय: 'आमच्या बॅगांमध्ये असामान्य कारागिरी आणि तडजोड न करणारा दर्जा यांचा संगम आहे.' मी त्याच्या जागी हे देईन:

'मेइस्तरा शूता बिफेल्यादस सुओमा अर मिसिन्या स्प्राद्झी. वीलेस शूतस अर रुओकाम, अर वस्कुओतु दिएगु.'

म्हणजे: उस्तादाच्या हातची, म्हशीच्या चामड्याची बॅग, पितळी बक्कल असलेली. शिवण हाताची, मेण लावलेल्या दोऱ्याची. चामडं, बक्कल आणि दोरा यांचा तपशील मी अंदाजाने घातला आहे, खरा काय तो तुम्ही सांगा.

त्यासाठी इंग्रजी कॅटलॉग मला पाठवू नका. त्याऐवजी प्रत्येक वस्तूमागे मराठीत चार-पाच ओळी लिहा. माल कुठला, कोणत्या हत्याराने कोणतं काम होतं, त्यातलं यंत्रावर काय नि हाताने काय, एका नगाला साधारण किती वेळ लागतो, कारागीर बाई की पुरुष, आणि त्या कामाला तुमच्या कारखान्यात काय म्हणतात. दिवे ओतीव की घडीव, हे सर्वात आधी कळवा. तोवर दिव्यांची पानं बाजूला ठेवून चादरींपासून सुरुवात करू.